लूडविग ठेवावं की कोनराड?

घरात एक माणूस मराठी आणि एक जर्मन असलं, आणि मुलाला जुन्या वळणाचं जर्मन नाव ठेवायची हौस असली, की यादी लांबलचक होते आणि शेवटी बऱ्याचदा हीच दोन नावं उरतात. आमच्याकडे तसंच झालं. श्टुटगार्टच्या आसपास ओळखीच्या काही घरांत सध्या हाच खल चालू आहे आणि फोनवर मी तेच तेच सांगतोय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. नोंदणी किती दिवसांत करायची, आडनाव कोणाचं लावायचं, मधलं नाव वडिलांचं ठेवता येतं का, हे सगळं तुम्ही आधीच शोधलं असणार. त्यात शिरत नाही.

यादीतली बाकीची नावं का गळली तेही पटकन सांगतो. ओटो छोटं, गोड आणि सध्या पुन्हा लोकांना आवडू लागलेलं. पण पुणे स्टेशनबाहेर उतरल्यावर ‘ओटो, ओटो’ अशी हाक मारली तर कोण येईल ते तुम्हाला माहीत आहे. फ्रीडरिशला कोणी फ्रीडरिश म्हणत नाही, सगळे फ्रिट्स म्हणतात. आडाल्बेर्ट माझ्या बायकोलाच हसू न येता म्हणता येईना. आडोल्फ हेही मुळात असंच एक साधं जुनं जोडनाव, ‘कुलीन’ आणि ‘लांडगा’. एका माणसाने ते कायमचं बाद करून ठेवलं.

उरलेली दोन एकाच साच्यातली आहेत. जुन्या जर्मानिक टोळ्यांत पोराचं नाव दोन शब्द जोडून करत. बापाच्या नावातला एक तुकडा, आजोळच्या नावातला दुसरा, असंही चालायचं. जोडून त्याचं वाक्य व्हायलाच हवं असा आग्रह नसे. त्यामुळे ‘नावाचा अर्थ काय’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न इथे थोडा सैल सोडावा लागतो. लूडविगमध्ये ‘ह्लुद’ म्हणजे गाजलेला, आणि ‘विग’ म्हणजे लढाई. कोनराडमध्ये ‘कुओनी’ म्हणजे धीट, आणि ‘राट’ म्हणजे सल्ला, मसलत. घरच्यांना पटवायचं असेल तर एक गोष्ट कामी येते. ‘ह्लुद’ आणि आपला ‘श्रुत’ हे एकाच मुळातून निघालेले शब्द आहेत. ज्याच्याविषयी लोकांनी ऐकलंय तो. ‘राट’चं नातं भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘राध्’ धातूशी जोडतात, जो आपल्या ‘आराधने’त आहे. ‘कुओनी’चं मूळ ‘ज्ञा’च्या कुळात आहे असं मानतात, ज्याला जमतं, ज्याला कळतं, तो धीट. माझे वडील संस्कृतचे शिक्षक नाहीत, पण हे ऐकल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला. अर्थाच्या बाबतीत मी बरोबरीच म्हणेन. फार ताणलंच तर लढाईपेक्षा मसलत बरी, इतकंच.

लूडविगची बाजू

इतिहासाचा विचार केला तर लूडविगचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल करतो. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक टोळ्यांना एकत्र आणणारा राजा क्लोडविग (फ्रेंचांचा क्लोव्हिस, मृत्यू ५११) हा या नावाचा पहिला मोठा मानकरी. रेम्सला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि फ्रान्सच्या राजवटीची कथा तिथून सांगायची पद्धत पडली. सुरुवातीचा तो घशातला ‘ह्’ हळूहळू गळला. फ्रेंचांच्या तोंडी मधलं व्यंजनही गळून लुई झालं, आणि मग लुईंची रांगच लागली, थेट अठराव्या लुईपर्यंत. सोळाव्याचं डोकं जानेवारी १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेलं. ते डोकं मूळचं लूडविगचंच, हे फ्रेंच माणसाला सांगून बघा, त्याला आवडत नाही.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग ७७८ सालचा. क्लोडविगच्या घराण्याला ७५१ मध्ये पिपिनने गादीवरून हटवलं होतं. त्याच पिपिनचा मुलगा कार्ल, म्हणजे शार्लमेन. त्याला जुळी मुलं झाली तेव्हा त्याने नावं निवडली लूडविग आणि लोथार. आपल्या घराण्यात ही नावं नव्हती. ती होती हटवलेल्या घराण्यातल्या गाजलेल्या राजांची. ज्यांची गादी घेतली त्यांचीच नावं पोरांना द्यायची, म्हणजे पुढच्या पिढीला वाटावं की हे आधीपासूनच इथलेच राजे. लोथार लहानपणीच गेला. लूडविग बापामागून सम्राट झाला आणि ‘धर्मनिष्ठ लूडविग’ म्हणून ओळखला गेला. म्हणजे हे नाव मुळात उसनं घेऊन राजकारणासाठी वापरलेलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मुलाचं नाव ठेवताना आपण सगळेच थोडंफार राजकारण करतो, फक्त आपल्याकडे गादी नसते.

बव्हेरियात तर लूडविग घरचाच. पहिल्या लूडविगच्या लग्नाचा सोहळा १८१० च्या ऑक्टोबरात झाला, त्यातून ऑक्टोबरफेस्ट निघालं. ज्या मैदानावर ते भरतं ते थेरेझियनवीझं त्याच्या नवरीच्या, थेरेझेच्या, नावाचं. त्याचा नातू दुसरा लूडविग म्हणजे नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बांधणारा, १८८६ च्या जूनमध्ये श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडलेला. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तो किल्ला बघायला जातोच, त्यामुळे नाव सांगितल्यावर ‘तोच का?’ हा प्रश्न ठरलेला. आमच्या जवळचं लूडविग्सबुर्ग मात्र यांच्यातल्या कोणाचं नाही. ते व्युर्टेम्बेर्गच्या एबरहार्ड लूडविग या ड्यूकचं. १७०४ मध्ये त्याने तिथे राजवाड्याचं काम सुरू केलं. शरद ऋतूत त्या वाड्याच्या बागेत भोपळ्यांचं प्रदर्शन असतं, मराठी मंडळी हमखास तिथे भेटतात.

आणि बेथोव्हन आहेच. जन्म बॉन, १७७०. आजोबांचं नाव त्याला ठेवलेलं, आणि त्याच्या आधी जन्मून काही दिवसांत गेलेल्या भावाचंही तेच. एवढा मोठा लूडविग, पण पत्रांवर आणि छापील स्वरलिपींवर कधीकधी तो स्वतःला लुई लिहायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोव्याचा किंवा वसईचा धागा असलेल्या घरांसाठी तर लूडविग आपल्याच अंगणातलं आहे. पोर्तुगीज ‘लुईस’ म्हणजे फ्रान्समार्गे आलेला लूडविगच. एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या संसदेत गोव्याची बाजू मांडणारे फ्रान्सिस्कु लुईस गोमीश, किंवा पणजीतली संस्था आजही ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा, यांच्या नावातला मधला वा पहिला भाग हाच. तसं तर वसईतले रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस हेही सगळे जर्मानिक नावांचेच वंशज. स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथांनी ती तिकडे नेली, पोर्तुगीजांनी इकडे आणली. आमच्या घरी असा काही धागा नव्हता. असता तर मी वेगळा विचार केला असता, असं प्रामाणिकपणे वाटतं.

कोनराडची बाजू

कोनराडला एवढा थाट नाही. त्याला राजे मिळाले, पण त्यातले बरेच अडचणीतले. ९११ मध्ये पूर्व फ्रँक राज्याचा शेवटचा कॅरोलिंगियन, म्हणजे शार्लमेनच्या वंशातला, राजा मेला. त्याला इतिहासात ‘बाळ लूडविग’ म्हणतात, कारण गादीवर आला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि गेला तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. त्याच्या जागी फोर्शहाइमला सरदारांनी निवडला कोनराड. म्हणजे जर्मन राजांची म्हणून जी माळ मोजतात, तिच्या तोंडाशीच लूडविगकडून कोनराडकडे सत्ता गेली. या कोनराडचं आयुष्य सरदारांशी भांडण्यात गेलं. त्याच शतकातला इतिहासकार विडुकिंड सांगतो की मरताना त्याने स्वतःच्या भावाला बोलावलं आणि राजचिन्हं आपल्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला, सॅक्सनीच्या हाइनरिशला, नेऊन दे म्हणून सांगितलं. राज्य टिकवायचं तर ते ज्याला झेपेल त्याला द्यावं, हा हिशोब. अख्ख्या कारकिर्दीत एकच मोठं काम केलं, पण ते मसलतीचं होतं.

दुसऱ्या कोनराडने श्पायरचं कॅथेड्रल १०३० च्या सुमारास बांधायला घेतलं आणि तो तिथेच पुरला आहे. तिसऱ्या कोनराडची गोष्ट आमच्या भागातली. हाइलब्रॉनजवळच्या वाइन्सबेर्गला त्याने ११४० मध्ये वेढा घातला. गाव शरण आलं, तेव्हा बायकांना सांगितलं की खांद्यावर जेवढं नेता येईल तेवढं घेऊन निघा. बायका निघाल्या त्या नवऱ्यांना खांद्यावर घेऊन. राजाच्या भावाला हे मान्य नव्हतं, पण राजाने दिलेला शब्द फिरवायचा नाही असं म्हणून कोनराडने सगळ्यांना जाऊ दिलं. डोंगरावरच्या त्या पडक्या किल्ल्याला आजही ‘वाइबरट्रॉय’, बायकांची निष्ठा, म्हणतात. कौतुक सगळं बायकांचं होतं, तसंच व्हायला हवं. पण शब्द पाळणारा माणूस कोनराड होता, हे मी सासरच्या मंडळींना हळूच सांगून घेतलं.

राजांपेक्षा हे नाव जास्त मुरलं ते सामान्य माणसांत. मध्ययुगाच्या अखेरीस हाइनरिश आणि कोनराड इतके बोकाळले होते की ‘हिंत्स उंड कुंत्स’, म्हणजे या दोघांची लाडाची रूपं, हा जर्मनमधला सोम्यागोम्या झाला. आजही बोलतात तसं. आणि गरीब शेतकऱ्याला हिणवायला वरचे लोक ‘आर्मर कोनराड’, बिचारा कोनराड, म्हणत. १५१४ मध्ये व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूक उल्रिशने कर वाढवायची एक युक्ती काढली: मांस, वाइन, धान्य मोजायची मापं लहान केली, भाव तेच. रेम्स नदीच्या खोऱ्यातल्या बॉयटेल्सबाखच्या पेटर गाइसने ती नवी वजनं नदीत टाकली. तरंगली तर ड्यूकचं खरं, बुडाली तर शेतकऱ्यांचं! ती बुडाली हे सांगायला नको, आणि उठाव व्हायचा तो झालाच. उठाव करणाऱ्यांनी नाव घेतलं तेच, हिणवायला वापरलं जाणारं: आर्मर कोनराड. त्यांचा मोड झाला, श्टुटगार्ट आणि शोर्नडॉर्फला मुंडकी उडाली. आज एस-टू ही लोकल बॉयटेल्सबाखवरून शोर्नडॉर्फला जाते आणि मी त्या मार्गावर नेहमी असतो. शिवी म्हणून दिलेलं नाव निशाणावर लावणारे लोक मला आवडतात. यात माझा पक्षपात आहे, धरून चला.

नव्या जमान्यात कोनराड म्हटलं की जुन्या जर्मनांना एकच माणूस आठवतो: आडेनाउअर. ७३ व्या वर्षी पश्चिम जर्मनीचा चान्सलर झाला, ८७ व्या वर्षी उतरला, लोक त्याला ‘म्हातारा’च म्हणत. माझ्या सासऱ्यांना नाव सांगितल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ येईचना. १९६३ मध्ये त्याच्या जागी आला लूडविग एरहार्ड, आणि आडेनाउअरला तो अजिबात नको होता. ९११ ची परतफेड एक हजार बावन्न वर्षांनी झाली म्हणायची. माझ्या धंद्यातल्या लोकांना दुसरा कोनराड जवळचा वाटेल: त्सुझे, ज्याने १९४१ मध्ये बर्लिनला झेड-थ्री हा प्रोग्रॅमने चालणारा संगणक चालवून दाखवला. आमच्या ऑफिसात बारशाचे पेढे वाटले तेव्हा आडेनाउअर कोणीच काढला नाही, सगळ्यांनी त्सुझेच काढला.

कोनराडचा एक खराच तोटा आहे. जर्मन लहान मुलांच्या श्ट्रुव्हेलपेटर या १८४५ च्या चित्रपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या पोराचं नाव कोनराड आहे, आणि शिंपी येऊन मोठ्या कात्रीने त्याचे दोन्ही अंगठे कापतो. साठीच्या पुढचा प्रत्येक जर्मन माणूस, नाव ऐकल्याबरोबर, त्या कवितेची पहिली ओळ म्हणून दाखवतो. प्रत्येक. तुमचा मुलगा अंगठा चोखत असेल तर दोनदा म्हणतो. आमच्या सासूबाईंच्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरचे आजोबा, बेकरीतली बाई, सगळ्यांकडून मी ती ऐकली आहे. त्रास होतो, पण हे लोक प्रेमाने म्हणतात आणि पुढची पिढी ते पुस्तक फारसं वाचत नाही. लूडविगच्या बाजूलाही असलं काहीतरी आहे: त्याचं एक जुनं छोटं रूप ‘लूडं’ हे बोलीभाषेत वेश्यांच्या दलालाला म्हणतात. शाळेच्या मैदानात ते कधी ना कधी कोणीतरी काढणार. त्यामुळे हा हिशोब मी फिटंफाट धरला.

जी गोष्ट मला जाचली

आता ज्यावरून आमचं ठरलं ते. ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना आठवत असेल, वीसला ‘त्स्वान्त्सिश’ म्हणायचं, राजाला ‘कोनिश’. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या या ‘इग’चा उच्चार श आणि ह यांच्या मधला काहीतरी करायचा, जो आपल्या लिपीत लिहिताही येत नाही. १८९८ मध्ये थिओडोर झीब्सच्या पुढाकाराने रंगभूमीसाठी जर्मन उच्चारांचे नियम ठरले, त्यात या बाबतीत उत्तरेकडची सवय प्रमाण धरली गेली. शिक्षकांनी ती शिकवली, आपण घोटली. मग दक्षिणेत नोकरी लागली आणि कळलं की इथे कोणी तसं म्हणतच नाही. इथे ‘त्स्वान्त्सिक’. सरळ क.

पैसे मोजताना याचा काही त्रास होत नाही. मुलाचं नाव म्हटलं की होतो.

माझी सासूरवाडी हानोव्हरकडची, म्हणजे उत्तरेतली. नावं ठरवायच्या दिवसांत सासूबाई फोनवर ‘लूटविश’ म्हणायच्या, तो शेवटचा आवाज अगदी हलका, वाऱ्यासारखा. शेजारचे श्वाबियन, म्हणजे इथलेच, काका ‘लूडविक’ म्हणायचे, ठसक्यात. पुण्याहून आई व्हिडिओवर ‘लुडविग’ म्हणायची, पहिला उकार ऱ्हस्व आणि शेवटी खणखणीत ग, इंग्रजी स्पेलिंग वाचल्यासारखा. तिघांपैकी कोणीही चुकत नव्हतं. बायको तिच्या आईसारखं म्हणायची, पण ऑफिसच्या सवयीने मध्येच क यायचा. आणि मी? मी समोर कोण आहे त्यावर ठरवत होतो, जे सगळ्यात वाईट. शिवाय व्याकरण आडवं येतंच: वर्गात दोन लूडविग असले तर अनेकवचनात ‘लूडविगे’, तिथे उत्तरेतही ग परत येतो. म्हणजे पोरगा एकटा असताना एक, जोडीदार मिळाल्यावर दुसरा.

तुम्ही म्हणाल, मूल शिकतं, सगळ्या हाकांना ओ देतं. देत असेल. ज्यांच्या घरी लूडविग आहे ते म्हणतात की त्याला काही फरक पडत नाही. पण आमच्याकडे बारसं व्हायचं होतं, आणि माझी बहीण खास पुण्याहून यायची होती. कुर्र्र करून आत्याने कानात पहिल्यांदा सांगायचं ते नाव कोणतं? श, क की ग? तिने मला हा प्रश्न सरळ विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या नावाची पहिली हाक कशी मारायची हेच घरात ठरत नाही, ते मला जड वाटायला लागलं. एकदा ते कानात बसल्यावर मग प्रत्येक फोनवर मला तेच ऐकू यायचं, नाव सोडून त्याचं शेवटचं अक्षर.

गंमत म्हणजे हे दुखणं या नावाला फार जुनं आहे. ८४२ मध्ये धर्मनिष्ठ लूडविगच्या दोन मुलांनी, लूडविग आणि कार्ल यांनी, श्ट्रासबुर्गला एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. सैनिकांना कळावी म्हणून ती दोन भाषांत झाली, फ्रेंचच्या पूर्वज भाषेत आणि जुन्या जर्मनमध्ये. त्यात हेच नाव एकीकडे ‘लोधुविग्स’ आणि दुसरीकडे ‘लुधुविगे’ असं उमटलंय. एकच राजा, एकच दिवस, एकच मजकूर. आणि बेथोव्हनने स्वतःला लुई लिहायचं, तेही मला त्यानंतर वेगळंच वाटू लागलं. सीमा ओलांडली की हे नाव बदलतंच: लुई, लुईस, लुइजी, लोडेवाइक, लायोश. काहींना हीच त्याची श्रीमंती वाटेल. मला घरातल्या घरातच सीमा दिसत होत्या.

कोनराडचं तसं नाही. शेवटचा ड जर्मनीत सगळीकडे ट होतो, ‘कोनराट’, आणि उत्तर-दक्षिण यात भांडण नाही. आईने ‘कोनराड’ म्हटलं तरी कानाला फरक जाणवतो न जाणवतो. भारतात तर हे नाव लोकांनी बातम्यांत ऐकलंय. मेघालयचे मुख्यमंत्री कॉनराड संगमा यांच्यामुळे माझ्या काकांनी नाव एका झटक्यात बरोबर लिहून घेतलं. मराठी प्रत्यय पण सहज बसतात: कोनराडला, कोनराडचा, आणि हाक मारताना ‘कोनराडा’. यात मुंबईच्या चुलतभावांनी ‘राडा’ शोधून काढायचा तो काढलाच, आणि अलीकडे पोराचं वागणं बघता मी हरकत घेणं बंद केलंय.

के की सी

कोनराड घेणार असाल तर एक कटकट गळ्यात पडते. तो के ने लिहायचा की सी ने? दोन्ही चालतं. एक्स-रे शोधणारे रोंटगेन विल्हेल्म कॉनराड होते, सी ने. जर्मन शुद्धलेखनाचा कोश १८८० मध्ये ज्यांनी काढला आणि आजही ज्यांच्या आडनावाने तो ओळखला जातो ते डूडेन कोनराड होते, के ने. १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेनंतर बऱ्याच शब्दांतला सी जाऊन के किंवा झेड आला, पण माणसांच्या नावांना कोण हात लावणार. सध्या तरुण आईबापांत सी ला जरा जास्त मान आहे, असं मला किटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, पाट्यांवरून वाटतं. त्यामुळे डॉक्टरकडे, बँकेत, पोहण्याच्या वर्गात, सगळीकडे विचारतात.

मला याचं तेवढं ओझं वाटत नाही. हा प्रश्न कागदावरचा आहे, फॉर्म भरून झाला की संपतो. उच्चाराचा प्रश्न रोज जेवणाच्या टेबलावर बसतो. जर्मनमध्ये के या अक्षराला ‘का’ म्हणतात. फोनवर मी ‘कोनराड, का’ असं सांगत असतो तेव्हा आईला वाटतं मी पोराला काहीतरी विचारतोय. एवढाच त्रास.

टोपणनावात मात्र लूडविग थोडा पुढे आहे. लुत्स आहे, बव्हेरियातलं विगर्ल आहे, शिवाय कोणालाही सुचणारं लुई आहे. कोनराडचं जुनं छोटं रूप कुर्ट, पण ते आता स्वतंत्र नाव झालंय. कोनी म्हटलं तर मुलीचं वाटतं. आम्ही काहीच म्हणत नाही, पूर्ण नाव घेतो. दोनच तर अक्षरगट आहेत.

मग कोणी काय घ्यावं? तुम्ही दोघंही दक्षिणेत असाल, सासर म्युनिक किंवा आउग्सबुर्गकडचं असेल, आणि घरात सगळे एकमुखाने ‘लूडविक’ म्हणत असतील, तर माझी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. खुशाल लूडविग ठेवा, इतिहास तुमच्या बाजूला आहे. गोवा-वसईचं नातं असेल तरीही. घरात संगीत असेल तर मी मध्ये बोलणारच नाही. पण एक आजी एल्बेच्या काठची आणि दुसरी मुळा-मुठेच्या, असं असेल, तर नाव पक्कं करण्याआधी दोघींना एकाच व्हिडिओ कॉलवर घ्या आणि दोन्ही नावं चार-पाच वेळा म्हणायला लावा. तुम्हाला काही जाणवलं नाही तर तुमचे कान माझ्याइतके चिकित्सक नाहीत, आणि ते चांगलंच आहे. जाणवलं तर कोनराड घ्या, आणि के की सी ते दवाखान्यात जायच्या आधीच ठरवून ठेवा. बाळ झाल्यावर त्या चर्चेला दोघांपैकी कोणाकडेच झोप शिल्लक नसते.